घासलेला मासा

ताईनं दगडाची पाटी घासून अशी लख्ख केली होती, की तिच्यात बघून भांग पाडावा. खाणीत सापडलेल्या माशाची ती पाटी धाकट्या भावाच्या टेबलावर तीन दिवस काळी, घाणेरडी पडून होती. ताईच्या हातात काथ्या आला की चंद्रसुद्धा ढगाआड पळतो, न जाणो आपला डाग हिला दिसायचा! तिथं दगडाची काय कथा.

धाकटा दारात आला, पाटी पाहिली आणि मटकन खाली बसला.

"माशावर काळं होतं, ते कुठं गेलं?"

"जाईल कुठं? काढलं! अर्धा डबा पावडर संपली. आता बघ, काटा न् काटा मोजून घे."

"ताई, ती त्याची कातडी होती. डोळासुद्धा होता."

ताई हसली. मग त्याचं तोंड बघून हसायची थांबली.

"अरे, मेलेल्या माशाची कातडी दोन दिवस टिकत नाही."

"खाणीच्या जागी तेव्हा तळं होतं, त्यात टिकली. तळाच्या पाण्यात हवाच नव्हती. किडा नाही, खेकडा नाही, लाट नाही. मासा मेला, गाळात निजला, वर गाळाचं पांघरूण. दरवर्षी एक, कागदाएवढं पातळ. त्याचाच हा दगड झाला. चार कोटी वर्षं कुणी बोट लावलं नव्हतं गं त्याला."

ताईनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

खिडकीबाहेर, खाणीच्या काठावर, माती लोटायचं यंत्र उभं होतं. खाणीच्या साहेबांचा शब्द होता: कातडीसकट मासा दाखवा, खाण राखतो, नाहीतर आज दुपारी बुजवतो. आत तसे आणखी किती निजलेत, कुणाला ठाऊक.

साहेब आले. पाटी उजेडात धरून पाहिली.

"हाडं छान आहेत हो. पण हाडांचे मासे आमच्याकडे पोत्यानं पडलेत."

"कातडीचा फोटो आहे, साहेब. परवाचाच."

"फोटोत माझ्याही मिशा काळ्या दिसतात."

"साहेब, चूक माझी आहे," ताई म्हणाली. "शिक्षा मला करा. त्या खाणीला कशाला?"

साहेबांनी पाटी अलगद खाली ठेवली आणि खिडकीतून हात हलवला. यंत्र घरघरलं. पायाखालची फरशी थरथरली.

ताई मोरीकडे धावली. पाटी धुतलेलं पाणी ओतायचं राहिलं होतं. बादलीभर, काळंकुट्ट. ती फतकल मारून बसली आणि बादलीला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"ताई, ऊठ," धाकटा म्हणाला. "आता काही उपयोग नाही."

ती उठेना. यंत्राच्या प्रत्येक दणक्यासरशी पाण्यावर वर्तुळं उठत होती.

साहेब मोरीच्या दारात थबकले. "बाई, बरं वाटत नाही का?"

"त्या यंत्रवाल्याला जरा थांबायला सांगा, साहेब." ताईची नजर पाण्यावरून हलली नाही. "पाणी हलतंय. तळाशी बसू द्या माशाला."