ट्वीटरच्या वाटेवर

"भावजी, तेवढं झाकण बसवता का? मी बाहेर खुर्च्या लावतो," असं म्हणून धाकटा साडू सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातून गेला आणि थोरल्याच्या पुढ्यात ती डबी उघडी राहिली.

डबी साबणाच्या डबीएवढी. तिला ना वीज लागत होती, ना बटण. रेडिओतून आलेल्या आवाजाला ती दोन वाटांना लावायची: जाड आवाज एका अॅम्प्लिफायरमधून मोठ्या स्पीकरकडे, बारीक आवाज दुसऱ्यातून छोट्या ट्वीटरकडे. आत मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. बस्स, एवढाच धाकट्याचा पराक्रम.

स्पीकरच्या पेट्या थोरल्याच्या. प्लायवूड त्यानं स्वतः कापलं होतं, कडा घासल्या होत्या, पॉलिशचे हात मारले होते. सासरे वर्षभर म्हणत होते, "पेट्या देखण्या आहेत हो तुमच्या, पण बोलतात तोंडात घास धरून." आणि आज सकाळपासून सगळं घर विचारत होतं, "धाकट्याचे स्पीकर कधी वाजणार?"

धाकट्याचे!

धाकटा चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढता काढता स्वारी आता आवाजाचे नंबर काढायला लागली होती. लिफ्टा दुरुस्त करणाऱ्या थोरल्याला तेही एक वेळ चाललं असतं. सलत होतं ते वेगळंच. सासरे त्याला 'जावईबापू' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, चांगली खुर्ची पुढे करत. धाकट्याला मात्र 'अरे', 'तू', 'इकडे ये गधड्या'. इतक्या वर्षांत त्या घरात थोरल्याला कुणी एकदाही गधडा म्हटलं नव्हतं.

सोल्डरगन अजून गरम होती. शेजारी धाकट्याच्या सुट्या कपॅसिटरांचा खणाखणांचा डबा. थोरल्यानं बाहेर कानोसा घेतला. खुर्च्या सरकत होत्या. त्यानं ट्वीटरच्या वाटेवरचे दोन कपॅसिटर काढले आणि तिथं दुप्पट मोठे बसवले. हाताच्या सवयीनं नव्यांच्या पायांना एकेक वेटोळं दिलं, मग सोल्डर टेकवलं. वेटोळं दिल्याशिवाय सोल्डर मारायचं नाही, हा त्याचा जुना खाक्या. धाकट्यालाही तो किती वेळा ऐकवून झाला होता. आता ट्वीटर आपल्या वाट्याचं सोडून मोठ्याच्या वाट्याचंही ओरडणार होता. थोरल्यानं जुने दोन खिशात टाकले, झाकण लावलं आणि डबी अदबीनं बाहेर नेऊन दिली.

रेडिओ लागला. बातम्या देणारी बाई पत्र्यावर उभी राहून भांडावी तशी किंचाळली. प्रत्येक 'स' सुईसारखा टोचत होता.

"अगं बाई!" थोरलीनं कानांवर हात ठेवले.

"काय हो हे?" धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. "काल आपल्याकडच्या स्पीकरवर तर लोण्यासारखं वाजत होतं!"

धाकट्याचा चेहरा उतरला. थोरल्याला गार पाण्यानं तोंड धुतल्यासारखं वाटलं. "होतं असं कधीकधी," तो समजुतीनं म्हणाला. "पहिलाच प्रयत्न ना."

धाकट्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं आणि रेडिओ बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" सासरे कडाडले.

सासरे पुढे वाकून, डोळे मिटून ऐकत होते. "'दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहील,' म्हणाली ती. 'बंद राहील' म्हणाली ना?"

"हो, बाबा."

"मला शब्द ऐकू आला! अख्खा शब्द!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "आणि तुम्ही सगळे माझ्या कानांच्या मागे लागला होतात. डॉक्टर काय, मशीन काय. मी म्हणत नव्हतो? माझे कान ठणठणीत आहेत. पेट्याच घुम्या होत्या!"

थोरल्यानं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

धाकटा उघड्या डबीकडे बघत होता. दोन कपॅसिटर, चार वेटोळी. त्यानं मान वर करून थोरल्याकडे पाहिलं, चांगलं सावकाश, समोरचा कितव्या ओळीपर्यंत वाचतोय हे जोखावं तसं.

"गधड्या, काय केलंस तरी काय?" सासऱ्यांनी विचारलं.

थोरल्याच्या ओठांवर आलं होतं, 'ते मी केलंय.' पण पुढचा प्रश्न 'का' हाच येणार होता.

"विशेष काही नाही बाबा," धाकटा झाकण लावत म्हणाला. "ट्वीटरचे कपॅसिटर दुप्पट मोठे टाकले. तुम्हाला शब्द नीट लागावेत म्हणून."

"बघा!" सासरे थोरल्याकडे वळले. "जावईबापू, राग मानू नका, पण तुम्ही जरा शिकून घ्या याच्याकडून."

"हो," थोरला म्हणाला.

पाणीपुरवठ्याची बातमी संपून हवामान सुरू झालं. सासरे तेही शब्द न् शब्द मोठ्यानं म्हणून दाखवायला लागले. धाकटा थोरल्याच्या शेजारी येऊन बसला आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं त्यानं हात पुढे पसरला.

थोरल्यानं खिशातून ते दोन काढून त्या तळव्यावर ठेवले. मघापासून खिशात चाळा चालला होता. त्यांच्याही पायांना वेटोळी पडली होती.