एकटी निघालेली पोर

शिमग्याची सुट्टी लागली होती. डोळखांबच्या आश्रमशाळेत सकाळपासून आईबाप येत होते, वहीत अंगठा उठवत होते आणि आपापलं पोर घेऊन पाड्याची वाट धरत होते. मागे राहिलेल्यांचे डोळे फाटकावरून हलेनात, तेव्हा कुंडलिक गुरुजींनी दुपारी टीव्ही लावला. शहरातल्या कुणी भल्या माणसाने शाळेला लहान मुलांच्या परदेशी सिनेमाची कॅसेट दिली होती.

सिनेमा इंग्रजीत. गुरुजींचं इंग्रजी नावापुरतं, पण तीस मुलांसमोर ते कबूल कोण करणार? टीव्हीशेजारी स्टूल ओढून ते पदरचं घालून गोष्ट सांगू लागले. पिवळ्या केसांची दहाएक वर्षांची पोर. गावात साथ आलेली. औषध समुद्रातल्या बेटावर. पोर एकटीच होडी काढते. आई दारात येऊन हात हलवते आणि सरळ घरात निघून जाते.

इथे कुजबुज झाली. मागच्या शनिवारी मुलांनी हिंदी सिनेमा पाहिला होता. त्यातला शूर पोरगा दरोडेखोरांना पकडून देतो आणि धावत जाऊन आईच्या गळ्यात पडतो. आई त्याला ओवाळते, सगळं गाव नाचतं, आणि निम्मी मुलं रडली होती. त्या मानाने ही बाई फारच कोरडी. हिला लेकीची काळजी नाही का, असं भगीरथने विचारलंसुद्धा. गुरुजी म्हणाले, त्यांच्याकडे असंच असतं, जो एकटा जाईल तो शूर. भगीरथला ते पटलं नाही. पण वाद घालायला तो राहिला कुठे? तेवढ्यात त्याचा बाप आला आणि होडी, वादळ सगळं टाकून तो पळाला.

असंच चाललं होतं. पोर वादळात सापडली तेव्हा खोलीत वीस मुलं होती, बेटाला लागली तेव्हा सहा.

त्या सहांत दिपिका होती. तिचे आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले होते. माणूस कितीही लांब कामाला गेला तरी होळीला घरी येतोच, ही इकडची जुनी रीत. जाताना आईनेही तेच सांगितलं होतं, होळीला तुला न्यायला येते. चार महिने पोरीने तेवढं एक वाक्य सांभाळलं होतं. आज ती केसांना तेल चोपडून, धुतलेला फ्रॉक घालून सकाळी सातलाच तयार होती.

चार वाजता कमळू आला. दिपिकाच्याच पाड्यावरचा, कामालाही त्याच भट्टीवर. त्याने आपल्या बारकीसाठी अंगठा उठवला आणि गुरुजींना दाराबाहेर बोलावलं. भट्टी पेटली होती. शेठने सगळ्यांना सोडलं नव्हतं. दिपिकाचे आईबाप आग राखायला मागे राहिले होते.

"आय तिची लय रडली, गुरुजी. मी नेतो पोरीला. पन तुमी देनार नाय."

गुरुजी देणार नव्हते. पोर आईबापाशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही, असा शाळेचा कायदाच होता आणि गुरुजी कायद्याने चालणारे. या वेळी मात्र त्यांना त्या कायद्याची लाज वाटली. कमळू बारकीचा हात धरून गेला.

तोवर बाकीच्या चौघांचेही आईबाप येऊन गेले. आता खोलीत दिपिका एकटी. गुरुजी स्टुलावर येऊन बसले आणि, खरं सांगायचं तर, घाबरले. सिनेमा संपला की पोरीला सांगावं लागणार. म्हणून त्यांनी गोष्ट लांबवायला घेतली. पडद्यावरची पोर नुसती चालत होती, त्यांनी तिला काट्यांतून चालवलं. एक म्हातारा दिसला, त्याचं घरदार, गुरंवासरं, सुना-नातवंडं सगळं सांगितलं. औषधाच्या साध्या बाटलीवर सात राखणदार बसवले. दिपिका मान हलवत ऐकत होती. एकदाही तिने दाराकडे पाहिलं नाही, आणि गुरुजींना वाटलं, चला, पोर रमली.

पण कॅसेट कुणासाठी थांबते? पोर औषध घेऊन गावी आली. आजारी माणसं उठून बसली. एका टोपीवाल्याने तिच्या गळ्यात बिल्ला अडकवला, टाळ्या झाल्या. एवढं सगळं होऊन ती पुन्हा होडीत चढली आणि एकटीच निघाली. कुठे, ते गुरुजींनाही उमगलं नाही. घरच्या दाराकडे ती फिरकलीसुद्धा नाही. होडी लहान लहान होत गेली आणि काळ्या पडद्यावर अक्षरं वर सरकू लागली.

गुरुजींनी बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," दिपिका म्हणाली.

"संपला गो."

"कमळूकाका काय बोलला ते ऐकलंय मी."

गुरुजींचा हात तसाच राहिला. इतका वेळ आपण तिला रमवत नव्हतो, तीच आपल्याला सांभाळून घेत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं.

दिपिका पडद्याकडेच पाहत होती.

"हिची तरी आय येऊ द्या, गुरुजी."

अक्षरं सरकत होती. गुरुजी पुन्हा स्टुलावर टेकले, घसा साफ केला आणि त्या पोरीच्या आईला होडीत बसवलं.