चेहऱ्याच्या बदल्यात

"माझी बस सुटेल," उंबऱ्यावर बुटांसकट बसलेला चित्रकार म्हणाला आणि किर्गिझ आजीबाईंचे नुकतेच पुरे झालेले चित्र गुंडाळू लागला. त्या डोंगरातून आठवड्याला एकच बस जात असे. आजीबाईंनी कागदावर हात ठेवला.

"आजी म्हणते, माझा चेहरा नेतोस, तर तुझा ठेवून जा," नातीने भाषांतर केले. "आमच्या घरची रीतच आहे."

त्याने देशोदेशीची माणसे रेखाटली होती. स्वतःला कधीच नाही. नातीने धरलेल्या आरशात पाहत त्याने घाईघाईने चार रेषा ओढल्या. बाहेर हॉर्न वाजला.

आजीबाईंनी चित्र निरखले आणि त्या काहीतरी पुटपुटल्या.

"हा तर निघालेला माणूस," नात हसत म्हणाली. "आजी म्हणते, घरात निवांत बसलेला काढ."

हॉर्न पुन्हा वाजला. चित्रकार बुटांच्या नाड्या सोडू लागला.