गैरहजर सेनापती

आपल्या सेनापतीला झगा घातलेला बघून चिमणी दारातच थबकली.

सेनापती म्हणजे बोटभर उंचीची शिशाची बाहुली. तिच्या चिलखताला चिमणीनं सहावीच्या सुट्टीत निळा रंग दिला होता, श्वास रोखून, बारीक कुंचल्यानं. आता त्या चिलखतावर टिश्यू पेपरचा झगा होता, सॉसनं चिकटवलेला. आठवडाभरात सॉस वाळून तपकिरी झाला होता आणि त्यात एक मुंगी मरून पडली होती. टेबलाभोवती दादा आणि त्याचे दोन मित्र, जाड्या आणि चष्मिष, फिदीफिदी हसत होते.

"मागच्या रविवारी तू तापानं पडलेलीस ना," जाड्या म्हणाला, "मग तुझी सेनापती मी चालवली. नियमच आहे आपला."

नियम होताच. या खेळात दादा गोष्ट सांगायचा, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलायचे, अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचे. बोलणं कुणाचं ते कळेना झालं की दादा विचारायचा, "हे पात्र बोललं की तू?" आणि कुणी आलं नाही तर त्याचं पात्र दुसऱ्यानं चालवायचं. चिमणी त्याआधी एकदाही चुकली नव्हती, त्यामुळे सेनापतीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"पुलावर दरोडेखोर अडवून उभे," चष्मिषला सांगितल्याशिवाय राहवेना. "जाड्या म्हणाला, सेनापती नाचते! नाचत नाचत त्यांच्या सरदाराच्या मांडीवर बसते! आणि फाशावर वीस पडले, वीस! तलवार न काढता सगळे पार!"

"आणि लाडात काय बोलली, ऐकायचंय?" जाड्यानं मान वेळावली आणि बारीक आवाज काढला.

जाड्याच्या ओठांच्या कोपऱ्यात वेफर्सचा भुगा होता, आणि त्याच ओठांतून तिची सेनापती लाडिक बोलत होती. शी! त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची म्हणा. पण दादा? ज्याच्या गोष्टीत सेनापतीनं राजासमोरही कधी गुडघा टेकला नाही, तो दादाही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता.

आज सकाळी क्लासहून येताना बसमध्ये एक माणूस सारखा चिमणीच्या अंगचटीला येत होता. चारचौघांत तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारी ही मुलगी, पण ती वळली आणि सेनापतीच्या आवाजात म्हणाली, "मागे सरक." आणि तो सरकला! निमूट सरकला! हे दादाला सांगायचं म्हणून ती धापा टाकत जिना चढून आली होती.

आता काय सांगणार, कपाळ?

"बस ना गं," दादा डोळे पुसत म्हणाला. "गंमत केली. खेळ तर आहे."

ती बसली. नखानं झगा सोलायला लागली. कागद सुटला, पण त्याच्याबरोबर चिलखताचा निळा रंगही सुटून आला. खालचं शिसं उघडं पडलं. तिनं ते अंगठ्यानं झाकलं.

"चला, सुरू करू," दादानं घसा खाकरला आणि गोष्टीचा आवाज लावला. "पूल ओलांडल्यावर समोर दगडी दरवाजा. दोन पहारेकरी. सेनापती काय करते?"

"नाचते!" जाड्या ओरडला, आणि वेफर्सच्या पुड्यासाठी तिच्या अंगावरून वाकला. तोल सावरायला त्यानं तेलकट पंजा खुशाल तिच्या खांद्यावर ठेवला.

"मागे सरक."

आवाज मोठा नव्हता. चष्मिषचं हसू अर्ध्यातच राहिलं. या घरात तिचा असा आवाज टेबलावर ऐकला होता सगळ्यांनी, पण तेव्हा ती बाहुलीकडे बघत असायची. आता ती जाड्याकडे बघत होती.

"हे सेनापती बोलली," दादानं सवयीनं विचारलं, "की तू?"

जाड्याची खुर्ची तोवर भिंतीला टेकली होती.