तक्रारदार

"काकू, उठा. आमच्या माणसांना काम करू द्या."

देवकी उठली नाही. घराच्या उंबऱ्यापासून गल्लीत उतरणाऱ्या सिमेंटच्या उतारावर ती मांडी घालून बसली होती. समोर अतिक्रमण पथकाची चार माणसं घण घेऊन उभी. त्यांच्यासोबत आलेली इंजिनिअर वयानं तिच्या लेकीएवढी होती. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, आणि त्याचीच देवकीला जास्त भीती वाटत होती.

"हा तोडला तर माहा माणूस घरात मरते, मॅडम," देवकी म्हणाली. "मी उगाच नाही सांगून राहिली."

ते खरंच होतं. मारोतराव गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होते. माळ्यावरून गठ्ठा उतरवताना पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. महाल भागातलं जुनं घर, जोतं उंच, पायऱ्या उभ्या. ते आतल्या खोलीत छताकडे बघत पडून राहिले. आधी बोलणं सुटलं, मग जेवण. लाकडी फळी लावून पाहिली, तर ती घसरली आणि मारोतराव खुर्चीसकट नालीत. शेवटी देवकीच्या भावानं हा पक्का उतार घालून दिला. परवानगी कोण काढतं? दुसऱ्याच दिवशी मारोतराव चाकांची खुर्ची स्वतः ढकलत चौकात गेले, चहा प्याले, कोणाशी तरी राजकारणावरून कडाकडा भांडले आणि घरी येऊन म्हणाले, "भाकर वाढ." देवकी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडली होती.

उतारानं गल्ली चांगलीच खाल्ली होती. स्कूटर जायची, रिक्षा अंग चोरून जायची. कोणी काही बोललं नाही. मारोतरावांचं पाहून सगळे गप्प बसले.

मग पोळा झाला आणि दोन दिवसांनी, भर दुपारी, गल्लीत आतल्या अंगाला राहणाऱ्या गोपाळरावांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली ती उताराशी अडली. ना पुढे, ना मागे. शेवटी पोरांनी गोपाळरावांना चादरीत घालून चौकापर्यंत पळवत नेलं, तोवर दुसरी गाडी बोलावली. दवाखाना यायच्या आधीच ते गेले. ॲम्ब्युलन्स दारापर्यंत पोचती तर ते वाचले असते का, हे कोणी सांगितलं नाही आणि देवकीनं विचारलंही नाही. गोपाळरावांची बायको सिंधूताई तेराव्यानंतर या दारावरून येजा करू लागली. एक शब्द बोलली नाही. तिची चाहूल लागली की देवकी आत निघून जायची.

आणि आता हे पथक. तक्रार कोणाची, हे देवकीला विचारायची गरजच नव्हती.

"तक्रार मागे घेतली तर?" तिनं विचारलं.

इंजिनिअर क्षणभर घुटमळली. "तर आज थांबवता येईल. पुढे सुनावणी लावता येईल."

देवकी उठली ती धावतच सुटली. सिंधूताई आपल्या दारात उभी होती. देवकीनं गल्लीत सगळ्यांदेखत तिचे पाय धरले.

"सिंधूताई, मले मारा. पायातली चप्पल काढा अन् मारा. तुमचा माणूस आमच्यामुळं गेला, मी नाही म्हणत नाही. पण माहा जित्ता आहे जी! तक्रार मागं घ्या."

सिंधूताईनं तिला दंडाला धरून उठवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी नाही केली वं," ती म्हणाली. "रोज वाटे, करावं. रोज. पण मारोतरावभाऊजी चौकात बसलेले दिसत, अन् हात होत नोता."

ती देवकीचा हात धरून चालत आली आणि इंजिनिअरला म्हणाली, "मॅडम, ज्याचं नुकसान झालं ते मी. माही तक्रार नाही. जा तुम्ही."

घणवाल्यांनी घण खाली टेकवले. गल्लीतली माणसं दारादारांतून बाहेर आली होती. देवकी एकेकाकडे वळून ओरडू लागली, "मग कोनं केली? समोर या ना! मी कोनाले काई म्हणत नाही. फक्त मागं घ्या म्हणते!"

कोणी हललं नाही. इंजिनिअरनं मात्र मान खाली घातली.

"मी केली."

मारोतराव उंबऱ्यात आले होते. खुर्चीच्या चाकांवर दोन्ही हात घट्ट.

"फोनवरून केली. मागं नाही घेत. मॅडम, तोडा."

"पागल झाले का तुम्ही?" देवकी किंचाळली. "पुन्हा त्या खोलीत पडाचं आहे? मराचंच आहे का तुम्हाले?"

मारोतरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते सिंधूताईकडे पाहत होते. गोपाळराव गेले त्या दुपारपासून प्रथमच.

"मराचं असतं तर उतार राहू दिला असता, देवके," ते म्हणाले. "मले या गल्लीत जगाचं आहे."