सगुणाबाईची मूठ

बहिरूने बंडीच्या खिशातून कागद काढून इब्राहिमभाईंसमोर उलगडला. कागदावर कोळशाने मोर काढला होता.

"सुरीच्या मुठीवर ह्यो पाहिजे. पितळेचा. पिसाऱ्यासकट."

हे एकोणीसशे चौतीस साल. नाशकात विलायती सुऱ्या मिळू लागल्या होत्या. पण आपल्या हाताच्या मापाची सुरी हवी असली की माणूस भद्रकालीत इब्राहिमभाईंच्याच भट्टीवर यायचा. इब्राहिमभाईंना नक्षीचा तिटकारा.

"मोर अडकित्त्यावर शोभतो," ते म्हणाले. "सुरीचं रूप पात्यात असतं. मूठ काळ्या शिंगाची, बारीक, गुळगुळीत. वर काही नको. वापरणार कोण?"

बहिरूची बायको सगुणाबाई पुढे आली. गेल्या वर्षी उसाच्या चरकात तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं होतं. त्याआधी ती गोदाकाठी काकड्या चिरून, तिखटमीठ लावून विकायची. आता कुठलीही सुरी धरली तरी हातात फिरायची. वर्षभर ती घाटावर गेली नव्हती.

"तुला कशी पाहिजे, बाई?"

"जाडजूड. साध्या लाकडाची. मोर बी नको, शिंग बी नको. हातातून सुटाया नको, बास."

"लाकडाचा ठोकळा घेऊन बसणार व्हय घाटावर?" बहिरू चिडून म्हणाला.

"तुम्हाला त्या मोराचं एवढं काय पडलंय?"

बहिरू खाली बघत म्हणाला, "परवा देवळात तू प्रसाद वाटत होतीस. एका बाईनं तुझा हात बघितला न् प्रसाद न घेताच पुढं गेली. घाटावर गिऱ्हाईक बी हातच बघंल. मोर असला, तर नजर मोरावर तरी जाईल."

सगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही बघितलं व्हतं?"

त्याने होकारार्थी मान डोलावली.

भट्टी लिंपायला भिजवलेल्या मातीचा गोळा इब्राहिमभाईंनी उचलला आणि तिच्या हातात दिला. "आवळ. काकडी चिरताना धरशील तशी." तिने आवळला. मातीत तिची पकड उमटली.

"ह्यात मोर बसणार नाही, बहिरू," ते म्हणाले. "टोचेल तिला."

बहिरूने कागदाची घडी केली.

आठ दिवसांनी दोघं पुन्हा आली, येताना चार काकड्या घेऊन. बाभळीच्या लाकडाची मूठ तयार होती. एका बाजूला फुगलेली, दुसरीकडे खळगे पडलेली, आल्याच्या गड्ड्यासारखी. इब्राहिमभाईंनी ती जरा ओशाळूनच पुढे केली. "तीस वर्षांत असली मूठ केली नव्हती मी."

सगुणाबाईने सुरी धरली. बोटं आपोआप खळग्यांत बसली. पहिली काकडी तिने जपून चिरली. दुसरी भरभर. तिसऱ्या काकडीला ती काहीतरी गुणगुणू लागली आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

इब्राहिमभाईंनी बहिरूला हळूच विचारलं, "बोल, कशी झाली? बेढब आहे ना?"

बहिरूची नजर सुरीवर नव्हतीच.

"नाय," तो म्हणाला, "लय देखणी हाय."