उकळलेली माती

नदी नळात बंद झाल्याला बराच काळ लोटला होता. तिच्यातले उरलेसुरले मासे आता घराघरांत, काचेच्या पेट्यांत जगत होते. एका जातीची शेवटची जोडी पाण्याच्या पिशवीतून पिराजी भोयाच्या वाट्याला आली. म्हाताऱ्याने दुखऱ्या कमरेने पेटीत माती पसरली, वर वाळू घातली, पाणगवत रोवलं आणि माती ढवळू नये म्हणून बशीवर हळूहळू पाणी सोडलं.

"माती चांगली उकळून दिलीय हो. घाण सगळी मेली," बायको कौतुकाने म्हणाली.

पिराजीने बशी खाली ठेवली. "अगं कौसे, त्या घाणीतल्या बारीक जिवांवरच पाणी जगतं. यात मासे सकाळ बघायचे नाहीत."

पिशवीतले मासे वर येऊन तोंड उघडू लागले होते. शेजारच्या ठकूबाईची पेटी जुनी, मुरलेली होती. पण तिच्याशी अबोला होता. तरी तो पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"काय रे, जाळं टाकायला आलास?"

"सोडायला आलोय. कौसाने माती उकळली. यांना तुझ्याकडेच राहू दे."

ठकूबाई बाजूला झाली. मासे तिच्या गवतात शिरले. पिराजी जायला वळला, तेव्हा तिने आपल्या पेटीच्या तळातली ओंजळभर काळी माती त्याच्या रिकाम्या पिशवीत घातली.

"पेटीत टाक. पाणी मुरलं की जोडी घेऊन जा," ती म्हणाली. "आणि ही माती तरी चुलीवर ठेवू नको म्हणावं कौसाला."